गाडीखाली थेंब नाही

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात दारोदार कुलपं दिसायला लागतात. कुणी नंदुरबारकडे जातं, कुणी शिरपूरकडे, कुणी साक्रीकडे. लूमवरची, यंत्रमागावरची माणसं बायकापोरांना घेऊन आठ-पंधरा दिवसांसाठी गाव गाठतात आणि गल्लीतला रोजचा खडखडाट जरा विरळ होतो. ऊन मात्र वाढतच जातं. सुरतेचं ऊन खानदेशातल्यासारखं कोरडं नसतं, ते अंगाला चिकटतं. दुपारी खिडकीची जाळी धरली तर तळवा ओला होतो. या दिवसांत बाकीच्यांना झोका आठवतो, पुरणपोळी आठवते, माहेर आठवतं. मला एक वास आठवतो. गोडसर, कढईच्या काठाला काकवी लागून करपावी तसा. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो वास माझ्या आखाजीला चिकटला. अजूनही भर रस्त्यात कुठून तो आला, की मी आधी जवळच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाकडे बघते. गाडी कुणाची का असेना.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर होते. बंद पडलेलं यंत्र चालू करून देणं हे मास्तरचं काम. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी एकाएकी काम सोडलं, असं आम्ही सगळे समजत होतो. काम सोडल्यावर त्यांनी एकच चैन केली. एका कापडवाल्याच्या मुलानं देशभर फिरवून कंटाळून बाजूला ठेवलेली लांब पल्ल्याची मोटरसायकल त्यांनी घेतली. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना डिक्क्या, मागे टेकायला पाठ. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. गल्लीत ती गाडी उभी राहिली की बाकीच्या गाड्या सायकलीसारख्या वाटत. आप्पांच्या मनात एकच होतं. दर आखाजीला आईला मागे बसवून गावी जायचं. व्यारा, सोनगढ, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि घाट उतरल्यावर साक्रीच्या अलीकडे आमचं गाव.

गाडी आणली त्या दिवशी त्यांनी मला सीटखालची अर्धपारदर्शक टाकी दाखवली होती. आत हिरवं पाणी. "हिच्या इंजिनाला वारा पुरत नाही," ते म्हणाले, "म्हणून हे कूलंट आत फिरतं. वरच्या रेघेच्या आणि खालच्या रेघेच्या मधे दिसलं पाहिजे. खाली गेलं की समजायचं, कुठंतरी गळतंय."

मी मार्केटमधल्या एका साड्यांच्या दुकानात चेकिंगला आहे. उजेडासमोर कापड ओढत जायचं आणि तुटलेला धागा, डाग, विरलेली जागा शोधायची. दिवसभर दोष शोधणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही दोषच दिसतात, असं आई म्हणते. तिचं खोटं नाही.

त्या वर्षी एका संध्याकाळी आप्पा मला मार्केटमधून घ्यायला आले. घराशी पोचलो, गाडी थांबली आणि तो वास आला.

"आप्पा, कसला वास येतोय?"

घरात आई-आप्पा बहुतेक अहिराणीच बोलतात. आप्पा हेल्मेट काढत म्हणाले, "कोनाकडे तरी गूळ उतू गया व्हई."

गल्लीत निम्म्या घरांना कुलपं होती. गूळ कोण करणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. मी सीट उचलली. हिरवं पाणी खालच्या रेघेला टेकलं होतं. आप्पांनी वरून कूलंट भरलं. मी नखाला लावायच्या रंगानं टाकीवर एक बारीक लाल खूण केली. तीन दिवसांनी पाणी त्या खुणेच्या बोटभर खाली होतं.

"उन्हाळा शे," आप्पा म्हणाले. "पानी आटी जास."

"बंद टाकीतलं पाणी आटतं का आप्पा?"

त्यांनी मला गाडीखालची फरशी दाखवली. कोरडी ठाक. मी संध्याकाळी तिथे पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी उचलून खिडकीशी नेला, साडी तपासते तसा उजेडात तिरपा धरून तपासला. एक डाग नव्हता. "खाले एक थेंब नही," आप्पा म्हणाले, "मंग गळी कथाईन?" आणि खरंच, गळतंय तर कुठून गळतंय?

मला तिथूनच खरी धास्ती बसली. थेंब दिसला असता तर बरं झालं असतं. पाणी जात होतं, वास येत होता आणि खाली काही नव्हतं. आखाजीला दहा दिवस उरले होते. कामावर कापड ओढता ओढता मला घाट दिसायचा. वर चढणारे ट्रक, मधे आमची जुनी गाडी, तापमानाचा काटा तांबड्यात, इंजिन तापून अडकलेलं, चाक जागच्या जागी थांबलेलं आणि मागे टेकून बसलेली आई. आईला मोबाईलसुद्धा धड लावता येत नाही. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बोललं की खरं होईल, असं उगाच वाटायचं.

मी हट्टच धरला तेव्हा आप्पा गाडी भेस्तानला ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. मीही गेले. मिस्त्री गुजराती, तरुण, हात काळे आणि मन साफ. त्यानं आधी ऑइल पाहिलं. त्यात पाणी मिसळलं असतं तर ते चहासारखं पांढरट झालं असतं. तसं नव्हतं. धुराड्यातून, म्हणजे सायलेन्सरमधून, पांढरा धूर नव्हता. नळ्या दाबून पाहिल्या, त्यांच्या पकडी आवळून पाहिल्या. मग रेडिएटरच्या तोंडाला त्यानं सायकलच्या पंपासारखा एक पंप लावला आणि आत हवा भरली. दाब कुठून सुटतोय का, हे त्याच्या काट्यावर कळतं. आम्ही तिघं काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलला नाही.

"कंई नथी, बेन," तो हसून म्हणाला. काहीच नाही.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत जिंकल्याचा आनंद असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. तिथे दुसरंच काहीतरी होतं, पण मला तेव्हा ते ओळखता आलं नाही. परत येताना पांडेसराच्या सिग्नलला थांबलो आणि माझ्या नाकात पुन्हा करपलेली काकवी शिरली.

एखादी गोष्ट आपल्यालाच जाणवते आणि दुसऱ्या कुणालाच नाही, तेव्हा माणूस हळूहळू स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. मी आईला विचारलं, तुला वास येतो का? ती म्हणाली, "येस ना वास." पण ती हे इतक्या घाईघाईनं म्हणाली आणि लगेच भाकरीकडे वळली, की मला वाटलं ती माझी समजूत काढतेय.

आखाजीच्या चार दिवस आधी मी आप्पांना म्हटलं, "मला एकदा हायवेवर न्या. कडोदऱ्यापर्यंत. मी मागे बसून वास घेत राहीन. नाहीच आला तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

दुपार उतरत होती. पर्वत पाटियाच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसा आप्पांनी वेग वाढवला. एवढ्या वाऱ्यात वास टिकत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. नाकात नुसता डिझेलचा धूर आणि धूळ. मी निराश झाले आणि थोडी सुटल्यासारखीही झाले. वाटलं, चला, आपणच वेडे. कडोदऱ्याच्या अलीकडे आप्पांनी गाडी डावीकडे सर्व्हिस रोडला वळवली.

मागचं चाक गेलं.

दुसरा शब्द नाही. जमीन होती आणि एकाएकी नव्हती. गाडीची पाठ उजवीकडे सरकली, माझा गुडघा रस्त्याच्या इतका जवळ आला की डांबराची धग लागली. आप्पांनी पाय खाली टेकवला, त्यांच्या बुटाचा तळ घासत गेल्याचा आवाज आला आणि आम्ही कडेला साचलेल्या रेतीत जाऊन आडवे न होता कसेबसे थांबलो. मागून येणारा ट्रक हॉर्न दाबून धरत अंगावरून गेल्यासारखा गेला. माझी एक चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. त्या चपलेकडे मी किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही.

"काय जयं?" आप्पा विचारत होते. "माय, लागलं का तुले?" लाडात आले किंवा घाबरले, की आप्पा मला माय म्हणतात.

मी उतरून मागच्या चाकाशी बसले. टायरची डावी कड ओली होती, चकाकत होती. बोट लावलं तर तेलासारखं निसरडं. बोट नाकाशी नेलं, तर तोच गोडसर वास. इतके दिवस मी इंजिन अडकण्याला भीत होते. हे भलतंच संकट, चाकाखालीच येऊन बसलेलं, माझ्या कल्पनेतही नव्हतं. घाटात सगळी वळणंच आहेत.

मी बोट त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. बघा आता. येतोय का वास?"

आप्पांनी माझं बोट हातात धरलं, नाकापाशी नेलं, डोळे मिटून श्वास ओढला. मग पुन्हा ओढला. मग त्यांनी माझा हात सोडला आणि रेतीतच खाली बसले.

"माले वास येत नही, माय," ते म्हणाले. "कसाच येत नही."

त्याच्या दोन वर्षं आधी सगळं जग आजारी होतं तेव्हा तेही आजारी पडले होते. ताप गेला, खोकला गेला, वास परत आलाच नाही. येईल येईल म्हणत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मास्तर माणसाचं अर्धं काम नाकावर चालतं. पट्टा घासला, मोटर तापली, की दिसायच्या आधी वास येतो. एक दिवस खात्यात ते एका मोटरशेजारी उभे होते. ती आतून जळत होती. पलीकडच्या रांगेतला माणूस ओरडत आला तोवर झाकण काढायला हात घातलेल्या कारीगराचा पंजा भाजला होता.

"मी बाजूलेच उभा व्हतू," आप्पा म्हणाले. "हातभर लांब. सगळ्यास्ले वास उना, माले नही."

त्या महिन्यात त्यांचे गुडघे दुखायला लागले होते.

मला रडू आलं नाही. मला प्रचंड भीती वाटली, आणि ती गाडीची नव्हती. आपला बाप रोज सकाळी चहाचा कप नाकाशी नेऊन "वा" म्हणतो आणि ते वा खोटं असतं, दोन वर्षं खोटं असतं, आणि एका घरात राहून, कापडातला केसाएवढा धागा शोधणाऱ्या मला ते दिसत नाही. मग आणखी काय काय दिसलं नसेल?

"तुनी आईले सांगू नको," ते म्हणाले.

गाडी आम्ही टेम्पोत घालून घरी आणली.

रविवारी सकाळी आप्पांनी गाडीचं बाजूचं आवरण उतरवलं. त्यांचे हात मला बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखे दिसले. एकही स्क्रू शोधावा लागत नव्हता. "मिस्त्रीनं थंड गाडी तपासली," ते म्हणाले. आता ते माझ्याशी मास्तरसारखे, शुद्ध बोलत होते. "यंत्र रिकामं उभं असतं तेव्हा त्याला काही होत नाही. लूमसुद्धा बंद असताना धागा तोडत नाही. हिला तापवायची, पळवायची आणि तेव्हाच बघायची."

इंजिनाचा खालचा भाग पुसून त्यांनी कोरडा केला आणि त्यावर आईची टाल्कम पावडर फुंकून बसवली. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी. मग गिअर टाकून त्यांनी गाडी चालू केली. चाक हवेत फिरायला लागलं. मला खाली कुशीवर आडवं व्हायचं होतं, हातात बॅटरी आणि छोटा आरसा, तोंड इंजिनापासून वीतभर अंतरावर.

"काही उडालं तर आधी डोळे मिटून मागं हो. बघायला थांबू नको."

काटा वर चढत गेला. आवाज वाढला. कानशिलापाशी फिरणारं चाक, गालावर भट्टीसारखी धग, पंखा एकदम चालू झाला तेव्हा मी ओरडलेच. आप्पांनी लगेच वेग उतरवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "राहू दे, माय, सोड." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला कळलं, की त्यांना त्या कारीगराचा पंजा दिसतोय.

"नाही," मी म्हटलं. "वाढवा."

त्यांनी वाढवलं. आणि वास आला. आधी पुसट, मग गच्च. मी नाक पुढे पुढे नेत गेले, जशी मांजर नेते. रेडिएटरपाशी नाही. वरच्या नळीपाशी नाही. खाली, डावीकडे, जिथे पाण्याचा पंप इंजिनाला जोडलेला असतो तिथे. आरसा धरला. पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ उमटत होती, पंपाच्या पोटातल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून. मी बघत असतानाच तिथे एक हिरवा थेंब फुगला, सुटला, खालच्या तापलेल्या धुराड्यावर पडला, चर्र झाला आणि उडून गेला. फरशीपर्यंत पोचलाच नाही.

"दिसलं," मी म्हटलं. "आप्पा, दिसलं!"

ते भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं, हे त्यांनी मला मग सांगितलं. पंपाच्या आतलं सील झिजलं, तर पाणी गुपचूप ऑइलमध्ये शिरू नये, बाहेर येऊन मालकाला दिसावं म्हणून. गाडी उभी असताना आमचं सील तग धरत होतं. पळताना सोडत होतं. थोडं धुराड्यावर जळत होतं, त्याचा तो वास. जोरात पळताना वारा तेच पाणी मागे उडवत होता, थेट टायरवर.

आई दारात उभी होती. पावडरीचा रिकामा डबा, जमिनीवर काळी झालेली मी, घामानं निथळणारे आप्पा. "सापडनं का एकदाचं?" एवढंच तिनं विचारलं आणि आत गेली.

मिस्त्रीनं सील बदललं. जुन्या मॉडेलचं ते सील मिळायला दोन दिवस गेले, म्हणून आप्पा-आई निघाले ते आखाजीच्या आदल्या सकाळी. टायर मी स्वतः साबणाच्या पाण्यानं दोनदा घासला होता. आप्पा डिक्की लावत होते, तेवढ्यात आई गाडीच्या डाव्या बाजूला आली, पदर सावरून उकिडवी बसली आणि पंपापाशी नाक नेऊन तिनं दोन-तीन श्वास घेतले. मी बघतच राहिले.

"आई?"

"माले माहीत शे," ती माझ्याकडे न बघता हळू म्हणाली. "दोन वरीस जयात. एकदा गॅस उघडा राहिना आन तुना आप्पा तठेच पेपर वाची राहिंता. मी काय बोलू? त्याले वाटस कोनले माहीत नही. ऱ्हाऊ दे तसंच."

मग उठली, मागच्या सीटवर पाठीला टेकून बसली, आणि ते गेले.

नवापूरहून फोन आला, काटा मधे आहे म्हणून. त्यानंतर घाट, आणि घाटात रेंज नाही. मी कामावर होते. उजेडासमोर साड्या ओढत होते आणि मला एकही दोष दिसत नव्हता. अर्ध्या तासानं आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी मागून येऊन मी पास केलेली एक साडी उलगडली. तिच्या पदराला तळहाताएवढं भोक होतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. फोन आला तो तब्बल दोन तासांनी. आप्पा म्हणाले, घाट उतरलो, कलिंगड खातोय. मागून आई ओरडून काहीतरी सांगत होती.

भीती तिथेच संपायला हवी होती. संपली नाही. ती दर आखाजीला येते. मी त्यांना थांबवलं नाही, हेही खरं. पण पुढच्याच वर्षी मी आप्पांना म्हटलं, मला ही गाडी शिकवा. भेस्तानच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे पहाटे आम्ही जायचो. पहिल्या महिन्यात मी ती तीनदा आडवी केली. उचलताना दोघांनाही दम लागायचा.

या वर्षी आप्पा सदुसष्ट वर्षांचे झाले. आई दोन दिवस आधीच बसनं गेली होती. विसरवाडी सोडल्यावर एका टपरीशी त्यांनी गाडी थांबवली, उतरले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "मनगट दुखस. आते तू चालव."

मनगट खरंच दुखत होतं की नाही, मी विचारलं नाही. पुढे बसले. ते मागे बसले. टपरीवरचे दोघं-तिघं आमच्याकडे बघत राहिले. घाटातलं पहिलं वळण आलं, वरून एक भरलेला ट्रक खाली येत होता, आणि आप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला. इतका घट्ट, की हाडाला कळ लागली. इतकी वर्षं हीच गाडी चालवताना ते किती भीत होते, हे पुढे बसलेल्या माणसाची पाठ बघून मला कधीच कळलं नव्हतं.

"हळू, माय," ते म्हणाले. "हळू."

मी एक गिअर उतरवला आणि वळण घेतलं.